मुहूर्ताची पावती

या अंकाचे संपादक गेली चार वर्षं माझ्याकडे एकच लेख मागत आहेत: आपल्याकडच्या कापूस खरेदीत कॉम्प्युटर कसा आला? दरवर्षी मी त्यांना दुसरंच काहीतरी दिलं. एकदा यवतमाळच्या जुन्या सायकल दुकानांवर लिहिलं, एकदा आमच्या घरच्या मांजरांवर. मांजरं लोकांना आवडली, म्हणून तेवढं निभलं. खरं कारण असं की, हा विषय काढला की पांढरकवड्याच्या पुष्पाताई मेश्राम यांचं नाव घ्यावं लागतं, आणि ते घेतलं की पुढचं सगळं सांगावं लागतं. गेल्या पावसाळ्यात पुष्पाताई वारल्या. मी एकाहत्तर वर्षांचा आहे. आता गप्प राहिलो तर त्यांच्याबद्दल जे बोललं जातं, तेच खरं म्हणून राहील.

बोललं जातं ते असं: मेश्रामबाईंनी खरेदी केंद्रावर बनावट पावती काढली आणि कॉम्प्युटरने त्यांना पकडलं.

तो कॉम्प्युटर मी चालवत होतो. पावती बनावट नव्हती.

आणखी एक कबूल करून टाकतो. लिहायला बसलो तेव्हा मला वाटलं होतं हात जड होईल. झालं उलटंच. ते काम आठवलं आणि दोन दिवस मी घरात येरझारा घालतोय, बायकोला जुने किस्से ऐकवतोय. इतकं झकास काम मी आयुष्यात दुसरं केलं नाही. तेच तर दुखणं आहे.

माझं यवतमाळात दोन खोल्यांचं सॉफ्टवेअरचं दुकान होतं. दुकानच म्हणायचो मी. एका कापूस खरेदी संघाच्या अकरा केंद्रांवर माझा प्रोग्राम चाले. त्या वर्षांत आमच्या जिल्ह्याचं नाव देशभर झालं होतं, कशासाठी ते सगळ्यांना माहीत आहे. भाव पडलेले, केंद्रं उशिरा उघडणार, आणि उघडली की व्यापारी दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर आपला कापूस रेटणार. वजनाच्या पावत्या खाडाखोड करून फिरत. संघाला अशी पावती हवी होती की तिच्यातला एक आकडा जरी कोणी बदलला तरी कळावं.

पूर्वी रजिस्टर पाकिटावर लाखेचा शिक्का असे. पाकीट फोडलं की लाख तडकायची. मी तसलाच शिक्का पावतीवर मारायचो, फक्त लाख नव्हती, गणित होतं. केंद्रावरच्या ऑपरेटरने पावती काढली की प्रोग्राम त्या पावतीचा मजकूर घेऊन, केंद्राची गुप्त किल्ली लावून, अक्षरांची एक लांबलचक रांग तयार करी. तिला आम्ही सही म्हणायचो. यवतमाळच्या ऑफिसात दुसरा कॉम्प्युटर ती सही तपासे. शंभर किलोचे एकशेएक केले तरी सही जुळत नसे. प्रत्येक केंद्राला दर हंगामात मी सही करण्याचा नवा परवाना काढून देई. त्यावर मुदत असे, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत.

हे गणित मी केलेलं नव्हतं. असलं गणित घरी करायचं नसतं, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. बैलबंडी करणारा सुतार चाकावरची लोखंडी धाव लोहाराकडूनच आणतो. तशी आम्ही जाणकारांनी लिहिलेली, जगभर वापरली जाणारी तयार गणितं आणतो आणि आपल्या प्रोग्रामला चढवतो. त्याला लायब्ररी म्हणतात. पुस्तकांचा काही संबंध नाही. माझी बंडी त्या धावेवर पाच वर्षं मजेत चालली होती.

मग एका उन्हाळ्याच्या तोंडाशी बातमी आली की त्या लायब्ररीत भोक सापडलंय. जगातली निम्मी कुलपं त्याच लायब्ररीची! मोठमोठ्या बँकांची माणसं हादरली होती, आणि यवतमाळात वाळ्याच्या कूलरसमोर बनियनवर बसलेला मीही हादरलो होतो. खोटं कशाला बोलू, मला भयंकर आनंद झाला. साता समुद्रापलीकडची ती माणसं आणि मी, एकाच दिवशी एकाच भोकाशी झुंजत होतो. बायको म्हणाली, "घरात लग्न असल्यासारखे काहून फिरून राह्यले?" मी म्हणालो, "लायब्ररी बदलायची आहे!" ती म्हणाली, "वाचनालय का?"

तर ती लायब्ररी बदलणं. बाहेरच्याला वाटतं जुनी काढली, नवी घातली. पण जुन्या लायब्ररीवर छपाईचा भाग टेकलेला होता, छपाईवर वजनकाट्याचा. नवी धाव जुन्या चाकाला बसेना. छपाईचा भाग नवा आणला तर काट्यावरचे आकडे उलटे येऊ लागले. पाचशे त्रेचाळीस किलोचे तीनशे पंचेचाळीस! काट्याचं जुळवलं तर शिक्का गायब. बाहेर बेचाळीस डिग्री, आणि सगळं जुळत आलं की वीज जाई. तीन वेळा अर्ध्यावर वीज गेली. चौथ्या वेळी पडद्यावर एका ओळीत आलं: सर्व चाचण्या यशस्वी. मी उठून जो ओरडलो, त्याने खालचा पानवाला वर आला. "काय झालं सर, लॉटरी लागली का?" त्याला मी अर्धा तास समजावून सांगितलं. त्याने शेवटी विचारलं, "म्हणजे कुलूप तेच, फक्त आतली स्प्रिंग नवी?" इतकं नेमकं मला स्वतःला कधी सांगता आलं नव्हतं.

नव्या लायब्ररीबरोबर बदलांची यादी येते. बहुतेक लोक ती वाचत नाहीत. मी वाचतो, हा माझा गर्व. एक्केचाळीस पानं छापून घेतली आणि हिरवा पेन घेऊन बसलो. समासात शेरे मारत गेलो. "कशाला?" "बघू." "आपल्याला लागू नाही." सव्विसाव्या पानावर एक ओळ होती. तिचा अर्थ असा: सही केल्याची वेळ परवान्याच्या मुदतीत बसत नसेल, तर यापुढे ती सही नामंजूर होईल. जुनी लायब्ररी हे बघतच नव्हती. नवी धाव तापवून चढवतात, गार झाली की ती चाक आवळते, तशी ही नवी लायब्ररी आवळत होती. मी समासात लिहिलं, "छान!"

ते पान अजून माझ्याकडे आहे. त्या शेऱ्याखाली मी दोन रेघाही ओढल्या आहेत.

चाचणीसाठी मी गेल्या हंगामाच्या सहाशे पावत्या नव्या प्रोग्राममधून काढल्या. सगळ्या पास! पण त्या सगळ्या भर हंगामातल्या, थंडीच्या महिन्यांतल्या. पहिल्या दिवसाची एकही नव्हती. आता पहिल्या दिवसाचं सांगतो.

पांढरकवड्याच्या केंद्रावर दसऱ्याचा मुहूर्त असे. सरकारी आदेश यायचा दिवाळीनंतर, खरेदी सुरू व्हायची त्याहून पुढे. पण दसऱ्याला सोनं देऊन झालं की देवरावजी नावाचे म्हातारे शेतकरी पहिली बंडी घेऊन येत. बैलांची शिंगं रंगवलेली, कापसावर आपट्याची पानं. नारळ फुटे, काट्यावर वजन होई, पेढे वाटले जात. बंडी पहिली येण्याचा मान त्यांच्या घराण्याचा. दुसऱ्या केंद्रांवर असल्या मुहूर्ताची चिठ्ठी साध्या कागदावर देत. देवरावजींना ते पटेना.

"साहेब," ते मला म्हणाले होते, "साऱ्याइले मशीनची पावती अन् नंबर एकले कागदाचा चिटोरा? मले मशीनची पायजे."

"देवरावजी, मशीन दिवाळीनंतर सुरू होईल. तेव्हा काढून देऊ."

"अन् तारीख?"

"त्या दिवशीची."

"म्हणजे मुहूर्त दसऱ्याचा अन् तारीख दिवाळीनंतरची? तेरवी झाल्यावर साखरपुडा केल्यावानी!"

सगळे हसले. मीही हसलो, आणि मला युक्ती सुचली. केंद्राच्या ऑपरेटर होत्या पुष्पाताई. तिशी ओलांडलेल्या, नवरा हैदराबाद रोडवर ट्रक चालवायचा. मी वीस ऑपरेटर शिकवले असतील, पण शिकवलेलं घरी जाऊन पुन्हा लिहून काढणाऱ्या त्या एकट्याच. दोनशे पानी वही होती त्यांची. मी ती तपासून प्रत्येक पानावर शेरा देई. मी त्यांना म्हणालो, "हे बघा पुष्पाताई, केंद्र उघडलं की कॉम्प्युटरचं घड्याळ मागं घ्यायचं, दसऱ्याच्या दिवसावर. देवरावजींची पावती काढायची. घड्याळ परत जागेवर. झालं."

"चालते का सर असं?"

"मी सांगतोय ना."

त्यांनी पायऱ्या वहीत लिहून घेतल्या, एक ते सहा. तीन हंगाम देवरावजींना दसऱ्याची पावती मिळत गेली. दिवाळीनंतरचा परवाना, त्याच्या आधीची सही. जुनी लायब्ररी बघतच नव्हती.

आता वाचकांच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही. सव्विसावं पान वाचताना नाही, अकरा केंद्रांवर नवा प्रोग्राम बसवत फिरताना नाही. त्या फिरण्याचंही एक पुस्तक होईल! बाभुळगावला एस.टी.तून उतरलो तर खिशातला पेन ड्राइव्ह गायब. तो सापडला माझ्याच डब्यात, पोळीच्या फडक्यात.

हंगाम उघडला. तिसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसच्या पडद्यावर लाल पट्टी आली. एक सही नामंजूर झाली होती, केंद्र पांढरकवडा. लाल पट्टीवरचे शब्द मीच निवडले होते. लायब्ररी फक्त "अवैध" एवढंच सांगत होती. मला ते मिळमिळीत वाटलं, म्हणून मी लिहिलं होतं: "बनावट पावती".

मी टाळी वाजवली. खरंच वाजवली. पाच वर्षांत पहिला चोर सापडला, आणि तोही नव्या लायब्ररीच्या तिसऱ्या दिवशी! पट्टीवर शेतकऱ्याचं नाव किंवा तारीख नसे, फक्त केंद्र आणि सहीची अक्षरं. ते उघडून बघायला दहा मिनिटं लागली असती. मी ती दहा मिनिटं थांबलो नाही. संघाच्या तपासणी अधिकाऱ्यांना फोन लावला. "सर, मासा अडकला!"

तासाभरात आम्ही जीपमध्ये होतो. वाटभर मी साहेबांना सही म्हणजे काय, किल्ली म्हणजे काय, भोक कसं बुजवलं, सगळं हातवारे करून सांगितलं. साहेब म्हणाले, "मानकर, तुम्ही तर कमालच केली." त्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी सागाचं जंगल आहे. मी ते त्या दिवशी पाहिलंही नाही, इतका बोलत होतो.

केंद्रावर पोहोचलो. पुष्पाताईंनी पावतीची फाईल समोर ठेवली. क्रमांक एक. देवरावजी. तारीख दसरा.



साहेबांनी विचारलं, "बाई, ही पावती दसऱ्याची कशी? केंद्र तर परवा उघडलं."

"मुहूर्ताची आहे सर. घड्याळ मागं घेऊन काढली."

"घड्याळ मागं घेतलं? कॉम्प्युटरचं?"

तेवढ्यात देवरावजी आत आले. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं. "कोन म्हनते बनावट? माह्या कापसाले? अख्ख्या गावानं बंडी पाह्यली, पेढे खाल्ले! बैलाले विचारा पायजे त!"

"काका, तुमचा कापूस खरा आहे," साहेब म्हणाले. "पण आज हिने एक पावती मागच्या तारखेची काढली. उद्या व्यापाऱ्यासाठी शंभर काढील. हे कोणी शिकवलं बाई?"

साहेबांचं म्हणणं चूक नव्हतं. जीपमध्ये मीच त्यांना ते शिकवलं होतं.

पुष्पाताईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा उजवा हात टेबलावरच्या वहीवर होता. तीच दोनशे पानी वही. मला त्या वहीचं पान दिसत नव्हतं, पण ठाऊक होतं. एक ते सहा पायऱ्या, आणि खाली हिरव्या पेनने माझा शेरा. मी टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलला आणि तोंडाला लावला.

"कोनीच नाही सर," त्या म्हणाल्या. "मलेच सुचलं."

आणि त्यांनी वही उचलून पिशवीत घातली.

मी पाणी पीत राहिलो. एका ग्लासात किती वेळ पाणी असतं? मला वाटतं मी नंतर रिकामाच ग्लास धरून उभा होतो. साहेब माझ्याकडे वळले. "तांत्रिकदृष्ट्या पावती बनावटच ना मानकर?" मी म्हणालो, "तांत्रिकदृष्ट्या... हो."

हे वाक्य मी त्यानंतर रोज ऐकलं आहे.

मी का बोललो नाही? संघाचं काम हातून जाईल ही भीती होतीच. पण तीच एक असती तर मी हा लेख दहा वर्षांपूर्वी लिहिला असता. त्या घटकेला मला सगळ्यात जास्त नको होतं ते हे, की वाटभर मिरवलेली माझी लायब्ररी, माझं ते झकास काम, माझ्याच हातच्या चुकीवर आपटलेलं साहेबांना दिसावं. एका माणसाची अब्रू मी कौतुकासाठी घालवली.

आठवड्यात पुष्पाताईंना काढलं. फलकावर कागद लागला: पावतीची वेळ बदलून बनावट पावती तयार केल्याबद्दल. त्या वर्षांत कापसाच्या पावतीत खोटं करणारा म्हणजे शेतकऱ्याच्या ताटातलं ओढणारा. बाजारात लोक त्यांच्या तोंडावर बोलले. व्यापाऱ्याकडून किती घेतले, असंही विचारलं. देवरावजींनी पुढच्या दसऱ्याला बंडी आणली नाही, आणि मग कधीच आणली नाही. त्यांनी संघाला कळवलं, "ज्या मुहूर्तानं बाईचा घास गेला तो मुहूर्त मले नको." तेवढं बोलायची हिंमत त्यांच्यात होती.

मी प्रोग्राम दुरुस्त केला. काय केलं सांगू? परवान्याची मुदत दसऱ्याच्या सकाळपासून सुरू केली, म्हणजे मुहूर्ताची पावती त्याच दिवशी मशीनवर निघावी. एक ओळ बदलली. ती ओळ मी पहिल्याच वर्षी लिहिली असती तर कोणालाही घड्याळ मागं घ्यावं लागलं नसतं. आणि लाल पट्टीवरचे "बनावट पावती" हे शब्द काढून लिहिलं: "वेळ तपासा".

पुष्पाताई पांढरकवडा सोडून वणीजवळ राजूरला बहिणीकडे राहायला गेल्या. खाणीतल्या लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं आणि झेरॉक्सचं छोटं दुकान त्यांनी टाकलं. सहा वर्षांनी मी तिथे गेलो. सव्विसावं पान घडी करून खिशात ठेवलं होतं. एस.टी.त मी मनातल्या मनात बोलणं पाठ केलं होतं. पान दाखवायचं, ओळ वाचून दाखवायची, शेरा दाखवायचा, मग माफी मागायची.

दुपारची वेळ होती. दुकानात त्या आणि त्यांची मुलगी. मला बघून त्या उभ्याच राहिल्या. "सर! अगं, हे मानकर सर. मले कॉम्प्युटर यायनंच शिकवला." मुलगी पाया पडली. चहा आला. सगळीकडे नीटनेटकं, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, खाली फॉर्मांच्या फायली क्रमवार. मी म्हणालो, "पुष्पाताई, त्या दिवशी तुम्ही माझं नाव का नाही घेतलं?"

"कायले घेऊ?" त्या सहज म्हणाल्या. "अकरा केंद्रांचं काम तुमच्यावर होतं. अन् चूक त माहीच होती ना."

"तुमची कशी?"

"घड्याळ मागं घेतांना माह्या हातून मिनिटं चुकले असतील. तीन वर्षं बरोबर आलं, त्याच वर्षी काहून नाही आलं? मी लई विचार केला सर. तारीख बरोबर होती, मी वही पाहून टाकली होती. मिनिटातच चुकलं असंल."

सहा वर्षं ही बाई मिनिटं शोधत होती.

मी खिशातून पान काढलं. हात लांब केला. त्यांनी माझ्या हातातून ते घेतलं आणि विचारलं, "झेरॉक्स पायजे का सर? किती?"

मी म्हणालो, "एक."

त्यांनी पान काचेवर ठेवायच्या आधी उलगडलं, हाताने सारखं केलं. छपाई इंग्रजीत होती, ती त्यांनी वाचली नाही. समासात नजर गेली आणि त्या हसल्या. "हे पाय बाई," त्या मुलीला म्हणाल्या, "सरांचं अक्षर. माह्या वहीवर बी असंच लिहायचे. हिरव्या पेनानं, दोन रेघा मारून. छान!"

उजेडाची पट्टी काचेखालून सरकली. कागद बाहेर आला. मी पैसे काढले तर त्या रागावल्या. "तुमच्याकडून कायचे पैसे घेऊ?" मी झेरॉक्स घडी करून खिशात ठेवली, नमस्कार केला आणि बाहेर पडलो. रस्त्यावर कोळशाचे ट्रक चालले होते. थांब्यापर्यंत पोहोचलो असेन, मागून हाक आली.

"सर! ओ सर!"

पुष्पाताई धावत येत होत्या. पदर खोचलेला, हातात माझं पान. "मूळ कागद काचेवरच राहिला," त्या धापा टाकत म्हणाल्या. "जपून ठेवा. झेरॉक्सले कोनी मानत नाही."

त्यांनी पान माझ्या हातात दिलं. पाठ केलेलं सगळं बोलणं माझ्या तोंडाशी होतं: पुष्पाताई, मिनिटं चुकली नव्हती, तुमचं काहीच चुकलं नव्हतं, या पानावर माझ्या अक्षरात लिहिलंय ते मला वाचू द्या, आणि मला माफ करा.

मी म्हणालो, "थँक्यू, ताई."